जॅकखालच्या घरगुती लाकडी फळ्या: नागपुरात बनवून घेतलेल्या आठ नगांच्या सेटचा आढावा

आधी निकाल सांगून टाकतो. २५ टनी ट्रक क्रेनसाठी लकडगंजच्या, म्हणजे नागपूरच्या लाकूडबाजारातल्या, लाकडातून बनवून घेतलेला हा सेट मुरमावर, जुन्या काँक्रीटवर आणि डांबरी रस्त्यावर पाचपैकी साडेचार गुण घेतो. उन्हाळ्यातल्या कडक काळ्या मातीवर तीन. जुलै-ऑगस्टमधल्या ओल्या काळ्या मातीवर नुसत्या फळ्यांना शून्य, आणि ते शून्य का, यातच या आढाव्याचा अर्धा जीव आहे. हायड्रावाल्यांनी इथेच थांबलं तरी चालेल. हायड्रा म्हणजे पिक-अँड-कॅरी क्रेन, ती टायरवर उभी राहून माल उचलते, तिला या फळ्यांचा फारसा उपयोग नाही. हा मामला चार जॅक, म्हणजे आधाराचे पाय, जमिनीवर टेकवून उभ्या राहणाऱ्या टेलिस्कोपिक क्रेनचा आहे.

सेट असा आहे: एकसारख्या आठ फळ्या, प्रत्येक ९०० बाय ९०० मिमी, जाडी १०० मिमी. एका जॅकखाली दोन, एकीवर एक, लाकडाच्या रेषा एकीच्या आडव्या तर दुसरीच्या उभ्या. दोन्ही थर कायमचे जोडलेले नाहीत, सुटे आहेत. या सेटमधला सगळ्यात शहाणा निर्णय हाच. २०० मिमी जाडीचा एकसंध ठोकळा सालाच्या लाकडाचा केला तर तो १४० किलोच्या घरात जातो. तो हलवायला क्रेन लागते, आणि क्रेन तर अजून जॅकवर उभीच राहिलेली नसते. मग पोरं तो ठोकळा उलटापालटा करत ढकलतात, कोपरे फुटतात, बोटं चेमटतात. सुटी फळी ७० किलोची होते, दोघांनी दोन बाजूंनी दोरी धरली की उचलली जाते. आठही सारख्या असल्याने ‘खालची कुठली, वरची कुठली’ हा घोळही राहत नाही.

आता हिशोब, कारण ‘आमच्या फळ्या तीन बाय तीन फुटांच्या आहेत’ एवढं सांगून काही सिद्ध होत नाही.

समजा क्रेनचं स्वतःचं वजन ३० टन आहे, आणि हूक, स्लिंग धरून माल ५ टन. एकूण ३५. बूम, म्हणजे क्रेनचा लांब हात, एखाद्या जॅकच्या थेट वर आली की त्या एका जॅकवर एकूण वजनाचा पाऊण हिस्सा येतो असं धरायची पद्धत आहे, म्हणजे साधारण २६ टन. हा अंदाज आहे. क्रेनच्या कंपनीने जॅकवरच्या भाराचा तक्ता दिला असेल तर तोच धरा. आणि हलका माल, लांब बूम असताना काउंटरवेटच्या, म्हणजे मागच्या तोलाच्या वजनाच्या, बाजूचा जॅकही चांगलाच दाबला जातो, हे ध्यानात असू द्या. जॅकच्या तळाची थाळी ३५० मिमी व्यासाची असेल तर तिचं क्षेत्रफळ ९६० चौरस सेंटिमीटरच्या आसपास येतं. थाळी थेट जमिनीवर टेकली तर दर चौरस मीटरला २७० टन दाब. एवढा दाब नागपूरच्या कुठल्याही मातीत खड्डा पाडेल.

९०० बाय ९०० फळीचं क्षेत्रफळ ०.८१ चौरस मीटर. २६ भागिले ०.८१, म्हणजे दर चौरस मीटरला ३२ टन. कागदावर छान दिसतं. पण लाकूड सगळीकडे सारखं काम करत नाही. एका थरात सहा तुकडे शेजारी-शेजारी असतात. थाळी त्यातल्या दोन-तीन तुकड्यांवर बसते. बाकीचे तुकडे बोल्टने बांधलेले असले तरी भार घेत नाहीत, कारण आरपार गेलेला रॉड तुकडे एकत्र धरून ठेवायला असतो, शेजाऱ्याच्या खांद्यावर वजन टाकायला नाही. एकच थर वापरला तर भार तीन तुकड्यांवर, म्हणजे ४५० बाय ९०० एवढ्याच जागेवर उतरतो. दाब ३२ नाही, ६४ टन. वर तुकड्यांवर वाकण्याचा ताण इतका येतो की एखादा कडाडतोच. बाजारात ज्या एकथरी ‘रेडी फळ्या’ दिसतात त्यांच्याबद्दलची तक्रार नेमकी ही. आकार मोठा, पण काम करणारा भाग मधला पट्टा तेवढाच.

दुसरा थर आडवा टाकला की वरचे तीन तुकडे खालच्या पाच-सहा तुकड्यांना भार वाटून देतात. तरीही वरच्या तुकड्यांची टोकं थोडी वर राहतात आणि अगदी कडेपर्यंत भार पोचत नाही. १०० मिमी जाडीच्या सालाचा हिशोब केला तर खरं काम करणारी जागा ७८० बाय ९०० च्या जवळ येते, ०.७० चौरस मीटर. दाब ३७ टन. हा आकडा प्रामाणिक आहे, तोच धरून पुढचं बघावं. जाडी १०० ऐवजी ७५ केली तर वरच्या थरातला ताण पावणेदोनपटीच्या वर जातो, कारण जाडी वर्गाने मोजली जाते. ‘इंचभर कमी ठेवली तर काय बिघडतं’ याचं उत्तर हे आहे.

लाकूड कुठलं घ्यावं यावर लकडगंजात तासभर वाद घालता येतो. साग विदर्भाचा, चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला. वाळवी त्याला लवकर लागत नाही, आकार धरून राहतो, आणि सालापेक्षा चांगला हलका: याच मापाची सागाची फळी ५५ किलोत बसते. पण ज्या फळीला रोज लोखंडी थाळी चेपणार, चिखल लागणार, ट्रकवरून जी आदळणार, तिला साग म्हणजे बैलाला रेशमी झूल. साल जड, कडक, चेपायला अवघड. थाळीखालचा दाब दर चौरस सेंटिमीटरला २७ किलो येतो आणि साल तो निभावतो. ऐन, म्हणजे इकडे ज्याला येन किंवा साज म्हणतात, तोही चांगला, फक्त वाळताना फाटतो जास्त. बाभूळ मजबूत असते, पण सहा बाय चार इंचाची सरळ, गाठी नसलेली बाभूळ मिळवणं हा वेगळाच उद्योग. निलगिरी टोकापासून चिरत जाते. आंबा आणि यंत्रांच्या पेट्यांचं पाइन या कामाला अजिबात नको. थाळी त्यात रुततेच, पण त्याहून वाईट म्हणजे आतून कुजलेलं वरून कळत नाही.

आणि ‘मलेशियन साल’. नावात साल आहे, पण हे आपलं साल नाही. दाराच्या चौकटीसाठी येणारं आयात केलेलं लाकूड आहे, चौकटीला ठीक. दुकानात सरळ विचारा: ‘भाऊ, हा साल इकडचा का मलेशियन?’ उत्तर देताना भाऊ इकडेतिकडे बघायला लागला तर तुकडा हातात घेऊन वजन बघा. खरा साल हाताला कळतो.

या सेटमध्ये सालच वापरलेलं आहे. खरेदी अशी: कापलेलं माप ६ बाय सव्वाचार इंच, लांबी साडेसहा फूट, असे २४ नग. प्रत्येकातून टोकाच्या चिरा छाटून ९०० मिमीचे दोन तुकडे, एकूण ४८. घनफुटात हे साडेसत्तावीस होतं. मोजणी स्वतः टेप लावून करा. बिलात सहा इंच लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्षात पावणेसहा निघतं. हा बाजाराचा जुना रिवाज आहे, त्याचा राग नको, पण पैसे पावणेसहाचेच द्या. बिल आणि लाकडाच्या वाहतुकीचे कागद सांभाळून ठेवा, चेकनाक्यावर विचारणा होते.

निवडताना चार गोष्टी. लाकडाचा गाभा, म्हणजे झाडाचा मधला बिंदू, तुकड्याच्या आत नको. गाभा असला की वाळताना तिथून चांदणीसारख्या चिरा फुटतातच. पांढरं कच्चं लाकूड कडेला बोटभर चालेल, त्याहून जास्त असेल तर घुण आणि वाळवीला आमंत्रण. मधल्या ३०० मिमीत मोठी गाठ नको, कारण सगळा ताण तिथेच. आणि रेषा तिरक्या नकोत: १५ इंच लांबीत रेषा इंचभराहून जास्त सरकत असेल तर तुकडा बाजूला ठेवा. २४ नगांत असे तीन-चार निघतातच, दुकानदाराशी आधीच बोलून घ्यावं.

वाळवणं. सॉ मिलमधून आलेलं ताजं साल पाण्याने जड असतं. ते तसंच बांधलं तर पुढच्या मे महिन्यात, पारा ४५-४६ वर गेला की, तुकडे आकसतात, बोल्ट सैल पडतात आणि फळी खुळखुळ्यासारखी वाजते. उलट मे महिन्यातलं कडकडीत वाळलेलं लाकूड घट्ट आवळलं तर जुलैत ते फुगतं आणि जायला जागा नसल्याने फळी बशीसारखी वाकते किंवा वॉशर लाकडात घुसतात. या सेटमधला उपाय साधा आहे आणि चांगला निघाला: दोन तुकड्यांमध्ये रॉडवर एक-एक साधा वॉशर, ३ मिमी जाडीचा. तेवढी फट राहते. लाकूड फुगलं की फट भरते, सुकलं की उघडते, चिखलपाणीही निथळून जातं. तुकडे छपराखाली, मध्ये काड्या टाकून, वारा खेळेल असे तीन-चार महिने रचून ठेवावेत. टोकांना पहिल्याच दिवशी ऑइल पेंटचे दोन हात द्या, कारण लाकडाचं पाणी टोकातून सगळ्यात लवकर जातं आणि चिराही तिथूनच पडतात.

रंधा मारून तुकडा १४७ बाय १०० मिमी ठेवला आहे. सहा तुकडे आणि पाच फटी मिळून ८९७ मिमी, म्हणजे फळी जवळजवळ चौरस. जाडी मात्र आठही फळ्यांत सारखीच हवी, मिलिमीटरभर फरक ठीक. एक तुकडा ३ मिमी जाड राहिला तर थाळी त्या एकट्यावर चढते आणि तोच फुटतो. फुटल्यावर लाकडाला दोष देतात, चूक रंध्याची असते.

भोकं. प्रत्येक तुकड्याला दोन, टोकापासून १२५ मिमीवर, जाडीच्या बरोबर मध्यावर, १८ मिमीची. मध्यावरच का, तर लाकूड वाकतं तेव्हा ताण वरच्या आणि खालच्या पृष्ठावर असतो, मध्यभागी जवळजवळ नसतो, तिथे भोक पाडलं तर नुकसान कमी. थाळीखालच्या मधल्या भागात एकही भोक नाही. सहा तुकडे एकत्र बांधून एका दमात ९०० मिमी लांब भोक पाडायचा मोह होतो, पण बिट वाट सोडतो आणि दुसऱ्या बाजूला १० मिमी वर-खाली निघतो. त्याऐवजी ६ मिमी पट्टीचा साचा करा आणि प्रत्येक तुकड्याला वेगळं भोक पाडा. एकूण ९६ भोकं, पिलर ड्रिलवर दीड-दोन दिवसांचं काम. प्रत्येक तुकड्याच्या एका पृष्ठावर खडूने खूण करा आणि साचा कायम त्याच पृष्ठावरून लावा. खूण न करता साचा उलटसुलट लावला की दोन-तीन मिमीची चूक दुप्पट होते आणि रॉड मध्येच अडतो. मग हातोडीने रॉड ठोकला जातो, आटे मरतात.

रॉड १६ मिमीचे, आटेवाले, एक मीटरच्या बाजारी लांबीतून ८८० मिमीवर कापलेले. कडेच्या तुकड्यांत बाहेरून ५५ मिमी व्यासाचा, ३५ मिमी खोल खड्डा, त्यात ५० मिमी व्यासाचा ५ मिमी जाड गोल वॉशर आणि नायलॉकचा, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला, नट. म्हणजे रॉडचं टोक कडेच्या आत साडेआठ मिमी राहतं. नट बाहेर ठेवले तर ट्रकवर चढवताना ते दुसऱ्या फळीला खातात आणि मांडीला लागतात ते वेगळंच. पूर्ण सेटला १६ रॉड, ३२ नट, ३२ मोठे वॉशर आणि फटींसाठी ८० साधे वॉशर. नट आवळताना वॉशर लाकडाला घट्ट बसला की थांबा. लाकडात रुतेपर्यंत ताणायचं नाही. तुकडे जोडताना वार्षिक वलयांची कमान एकाआड एक वर-खाली ठेवा, म्हणजे वाकलेच तरी सगळे एकाच बाजूला वाकणार नाहीत.

दोऱ्यांचं काम या सेटमध्ये सगळ्यात कच्चं राहिलंय. २० मिमीची नायलॉन दोरी कडेच्या तुकड्यातून उभी घातली आहे आणि गाठ खालच्या खड्ड्यात बसवली आहे. खड्डा ४० मिमी खोल असूनही गाठ भिजून फुगली की बाहेर डोकावते आणि फळी काँक्रीटवर डुगडुगते. खड्डा ५० करावा, गाठ आवळून मेणबत्तीच्या ज्योतीवर वितळवून चपटी करावी. अर्धा गुण इथेच कापला.

रंगरंगोटी थोडक्यात: जवसाच्या तेलाचे दोन हात, गरम करून, वर काही नको. इंजिनचं जळकं तेल काही जण चोपडतात. लाकूड टिकतं, पण थाळी त्यावर सरकते, आणि सरकणारी थाळी म्हणजे तिरपा उभा जॅक. कडेला पिवळ्या रंगाने १ ते ८ आकडे, आणि तुकडे कुठल्या दिशेने आहेत त्याचा बाण. बाण निरर्थक वाटेल, पण चिखलाने माखलेल्या फळीवर रेषा दिसत नाहीत आणि दोन्ही थर एकाच दिशेने रचले जातात. तसं झालं की आपण वर काढलेला ६४ टनांचा हिशोब परत आलाच.

दोन पावसाळ्यांनंतरची स्थिती: ४८ पैकी दोन तुकडे बदलावे लागले, दोन्ही वरच्या थरातले, थाळीखालचे. एकाला लांबीच्या दिशेने आरपार चीर, दुसऱ्यात थाळीचा ७-८ मिमी खोल वळ. बोल्ट वर्षातून दोनदा आवळले, मे अखेरीस आणि ऑक्टोबरात. फळी वरखाली पलटता येते, त्यामुळे वळ दोन्ही बाजूंना वाटला गेला. तपासायची पद्धत: फळी धुऊन सुकवा, सरळ पट्टी आडवी ठेवा, खाली ६ मिमीहून जास्त फट दिसली तर तुकडा बाजूला. हातोडीने ठोका. निरोगी साल खणखणतं, कुजलेलं किंवा चिरलेलं थड थड वाजतं. शेवटी टोकदार पेचकस दाबा, सहज आत गेला तर वाळवी किंवा कूज आहे.

आता जमिनीकडे, कारण ३७ टन दाब तिने झेलायचा आहे. नागपूरच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला, हिंगणा, बुटीबोरी, मिहानच्या अंगाला, खाली दख्खनचा काळा पाषाण आणि वर काळी माती. शहराच्या पूर्वेला खडकाची जात बदलते, कामठीकडे वालुकाश्म लागतो. एकाच शहरातले दोन साइट म्हणून सारखे धरू नका. काळी माती मे महिन्यात विटेसारखी कडक दिसते, पण तिला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात आणि भेगेच्या काठावर बसलेली फळी एका अंगाला कलते. पहिल्या दोन-तीन सरींनंतर तीच माती लोण्यासारखी होते. अशा ओल्या मातीला हिशोबापुरते दर चौरस मीटरला १० टन धरले तर २६ टनांना २.६ चौरस मीटर जागा लागते, म्हणजे एकेका जॅकखाली १.६ बाय १.६ मीटर. आपल्या फळ्यांची काम करणारी जागा ०.७० आहे. मघाचं शून्य ते हेच.

उपाय म्हणजे वरची भुसभुशीत काळी माती खरवडून ३०० मिमी मुरूम, १५०-१५० च्या दोन थरांत, पाणी शिंपून, रोलरने किंवा निदान धुम्मसाने ठोकून. मुरमातून भार पसरत जातो. थराच्या जाडीच्या निम्म्याने दोन्ही बाजूंना पसरतो असं धरलं तर ७८० बाय ९०० ची जागा खाली १०८० बाय १२०० होते आणि दाब ३७ वरून २० वर येतो. कोरड्या, घट्ट जमिनीवर हे चालून जाईल. भर पावसात अजूनही नाही. तिथे फळ्यांखाली जुन्या स्लीपरचा थर लागतो.

रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर हा या फळ्यांचा खरा प्रतिस्पर्धी. ब्रॉडगेजचा लाकडी स्लीपर २७५० बाय २५० बाय १३० मिमी, सालाचा असेल तर ८० किलोच्या आसपास. सहा शेजारी-शेजारी टाकले, वर आपल्या दोन फळ्या, खालच्या फळीच्या तुकड्यांची दिशा स्लीपरला आडवी राहील अशा, तर ओल्या जमिनीवरही काम निघतं. पण रेल्वे काँक्रीटच्या स्लीपरकडे गेल्यापासून चांगले लाकडी स्लीपर दुर्मिळ झालेत, आणि जे मिळतात त्यांच्या खिळ्यांच्या भोकांपाशी आत कूज असते. कुजू नये म्हणून लावलेल्या क्रिओसोट तेलाचा वास हाताला दिवसभर राहतो तो वेगळा. स्लीपर घेताना भोकात सळई घालून बघा. भुसा निघाला तर सोडून द्या.

काळ्या प्लॅस्टिकचे, म्हणजे यूएचएमडब्ल्यूपीईचे पॅड हल्ली बरेच दिसतात. ६०० बाय ६०० बाय ५० मिमीचा पॅड १७ किलोचा, एकटा माणूस खांद्यावर नेतो. पाणी पीत नाही, वाळवी लागत नाही, वाकला तरी परत सरळ होतो. काँक्रीटवर, फॅक्टरीच्या आवारात झकास. पण मऊ जमिनीवर तो थाळीभोवती कढईसारखा वाकतो आणि भार मध्येच राहतो, शिवाय नागपूरच्या मे महिन्यात उन्हात तापलेलं काळं प्लॅस्टिक आणखी लवचीक होतं. ओला चिखल लागला की निसरडा. मातीवरच्या कामाला आमची पसंती सालालाच. लोखंडी प्लेट ६०० बाय ६०० बाय २० मिमीची ५६ किलो होते. ती एकटी नको. वरच्या फळीवर, थाळीखाली टाकली तर लाकूड चेपत नाही, मात्र ओल्या लाकडावर ती सरकते, म्हणून खालून चारही कोपऱ्यांना छोटे कोन वेल्ड करून ती अडकवावी.

फळी टाकताना होणाऱ्या चुका जवळजवळ ठरलेल्या असतात. थाळी फळीच्या मध्यावर नसते, कारण जॅक पूर्ण बाहेर काढायच्या आधीच फळी टाकलेली असते. आधी जॅकचा आडवा बीम पूर्ण बाहेर, मग फळी, मग थाळी. फळीची पातळी मातीने नाही, मुरमाने नीट करा. फळीच्या एका कडेखाली दगड किंवा विटेचा तुकडा सारून ‘लेव्हल’ साधू नका, तो तुकडा बरोबर तिथेच फळी फोडतो. गटाराचं चेंबर, नुकताच भरलेला केबलचा चर, पायाच्या खड्ड्याची कड यांपासून लांब. खड्डा जेवढा खोल तेवढं किमान अंतर, काळ्या मातीत त्याहून जास्त. माल १०० मिमी वर उचलून दोन मिनिटं थांबा, बूम कामाच्या बाजूला फिरवा आणि प्रत्येक फळीच्या चारही कोपऱ्यांकडे बघा. एक कोपरा दुसऱ्यापेक्षा बोटभर खाली गेला असेल तर माल खाली, जॅक वर, जमीन पुन्हा.

बाद झालेला तुकडा बदलणं सोपं आहे: दोन नट काढा, रॉड ओढा, नवा तुकडा घाला. म्हणून ४८ च्या जोडीला चार तुकडे जास्तीचे, त्याच साच्याने भोकं पाडून, ट्रकवर ठेवावेत. जुने तुकडे ३०० मिमीवर कापले की टायरला लावायचे गुटके होतात, मात्र त्यांना लाल रंग मारा, नाहीतर घाईच्या वेळी तेच परत जॅकखाली जातात.